ग्वाल्हेरचे राजबंदी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

ग्वाल्हेरचा किल्ला मराठी वाचकाला शिंद्यांमुळे आणि झाशीच्या राणीमुळे ठाऊक असतो. पण शिंदे तिथे येण्याआधी निदान साडेचारशे वर्षे हा डोंगर राजबंद्यांचा तुरुंग म्हणून ओळखला जात होता. या बाजूविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. काही प्रश्न एकाच मुद्द्याचे होते, ते एकत्र केले आहेत.

प्रश्न : मोगलांकडे आग्र्याचा किल्ला होता, दिल्लीचा लाल किल्ला होता. मग मोठे कैदी ग्वाल्हेरलाच का पाठवत?

आग्रा आणि दिल्लीचे किल्ले म्हणजे नांदते राजवाडे. रोज हजारो माणसे आत-बाहेर करणार, जनानखान्यातून चिठ्ठ्या जाणार, प्रत्येक सरदाराचा कोणी ना कोणी आत असणार. अशा ठिकाणी शहजादा कोंडला तर महिनाभरात त्याच्या नावाने कट उभा राहतो. दिल्लीला लाल किल्ल्याला लागून सलीमगड होता, तिथे कैदी ठेवत, पण बहुधा पुढची व्यवस्था होईपर्यंतच.

ग्वाल्हेर आग्र्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर आहे. बादशहाचा हुकूम घोडेस्वाराकरवी दोन-तीन दिवसांत पोचावा इतके जवळ, आणि दरबारातल्या कुणाला सहज जाता येऊ नये इतके लांब. शिवाय ते आग्र्याहून दक्षिणेत उतरणाऱ्या हमरस्त्यावर होते, त्यामुळे दक्षिणेतून पकडून आणलेला कैदी राजधानीत मिरवला की पुन्हा त्याच वाटेने मागे आणता येई.

डोंगराची घडण पाहा. वालुकाश्माचा हा एकटा डोंगर सपाट मुलखातून वर आलेला आहे. उंची साधारण १०० मीटर, लांबी अडीच ते तीन किलोमीटर, रुंदी कुठे १८० मीटर तर कुठे साडेआठशे. शेजारी दुसरा डोंगर नाही, म्हणून सह्याद्रीतल्यासारखी धारेवरून वाट काढता येत नाही. कडे नैसर्गिक आहेतच, जिथे ते उताराचे होते तिथे छिन्नीने तासून उभे केले आहेत. पूर्वेकडच्या मुख्य वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात आणि प्रत्येकावर वेगळी चौकी बसवता येते.

तिसरी गोष्ट पाण्याची. तुरुंगाला पाणी बाहेरून आणावे लागले तर पखाली वाहणाऱ्यांबरोबर निरोपही येतात. ग्वाल्हेरच्या माथ्यावर सूरजकुंड, जौहरकुंड, गंगोला ताल, एक खंबा ताल, अस्सी खंबा बावडी अशी टाकी आणि तलाव आहेत. किल्ल्यावरच्या शिबंदीला पाण्यासाठी खाली उतरावे लागत नसे.

आणि शेवटी किल्लेदार. महत्त्वाच्या किल्ल्यांचे किल्लेदार मोगल बादशहा स्वतः नेमत असे. ते प्रांताच्या सुभेदाराच्या हाताखाली नसत. सुभेदार फितला तरी किल्लेदार आपोआप फितत नाही. आमच्या मते सगळ्या कड्या-कोटांपेक्षा ही व्यवस्था जास्त कामाची होती.

विल्यम फिंच नावाचा इंग्रज व्यापारी १६१० साली सुरतेहून आग्र्याला गेला. त्याने अशा कामाच्या तीन किल्ल्यांची नावे दिली आहेत: रणथंभोर, ग्वाल्हेर आणि रोहतास. ज्यांना ठार करायचे ते रणथंभोरला, जन्माचे अडकवायचे ते रोहतासला, आणि बादशहाची खप्पामर्जी झालेले अमीर-उमराव ग्वाल्हेरला, असे त्याच्या कानावर आले होते. ही ऐकीव माहिती आहे आणि प्रत्यक्षात इतकी काटेकोर वाटणी नव्हती. पण १६१० साली रस्त्यावरच्या परदेशी प्रवाशालाही ग्वाल्हेर म्हणजे तुरुंग हे समजत होते, एवढे त्यातून नक्की कळते.

प्रश्न : ही प्रथा मोगलांनीच सुरू केली का?

नाही. अल्तमशाने अकरा महिन्यांच्या वेढ्यानंतर १२३२ साली किल्ला घेतला आणि पुढच्या शतकात खिलजींच्या काळी तो तुरुंग झालेला दिसतो. अलाउद्दीन खिलजीचा थोरला मुलगा खिज्रखान याला सेनापती मलिक काफूरच्या सांगण्यावरून ग्वाल्हेरला धाडले. १३१६ मध्ये अलाउद्दीन मेला आणि काफूरने माणूस पाठवून खिज्रखानाचे डोळे काढवले. काफूरचा काटा निघाल्यावर गादीवर आलेला कुतुबुद्दीन मुबारकशहा १३१८ साली देवगिरीच्या मोहिमेवरून परतत होता. वाटेत त्याच्याविरुद्ध कट उघडकीला आला. त्याने वाटेतूनच ग्वाल्हेरला हुकूम पाठवला आणि खिज्रखान, शादीखान, शिहाबुद्दीन हे तिघे भाऊ तिथे मारले गेले. हा किल्ला राजबंद्यांसाठी वापरतात हे त्या शतकातला प्रवासी इब्न बतूता यानेही लिहून ठेवले आहे.

म्हणजे अकबराने १५५८ मध्ये किल्ला घेतला तेव्हा त्याच्या हाती एक तयार संस्था आली. त्याचा स्वतःचा मामा ख्वाजा मुअज्जम याने बायकोचा खून केला, तेव्हा अकबराने त्याला इथेच धाडले आणि तो इथेच वेडाच्या भरात मेला.

प्रश्न : शहाजीराजांनी गादीवर बसवलेल्या निजामशहाचे पुढे काय झाले? माहुलीनंतर त्याचे नाव ऐकू येत नाही.

तो ग्वाल्हेरला गेला. आणि तिथे तो पहिला निजामशहा नव्हता, तिसरा होता. महाराष्ट्राच्या इतिहासातला हा धागा आपल्याकडे फार कमी सांगितला जातो, म्हणून जरा सविस्तर.

ऑगस्ट १६०० मध्ये, चांदबिबीच्या खुनानंतर, अहमदनगर मोगलांनी जिंकले. आत सापडला बहादूर निजामशहा, वयाने पोर. अकबराने त्याला ग्वाल्हेरला पाठवले. निजामशाही मात्र संपली नाही, कारण मलिक अंबरने घराण्यातला दुसरा वारस गादीवर बसवून राज्य चालू ठेवले.

जून १६३३ मध्ये महाबतखानाने दौलताबाद घेतला. तिथला हुसेन निजामशहाही लहान मुलगा होता. खरा कारभार मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान याच्याकडे. शहाजहानने काय केले ते पाहण्यासारखे आहे. लढणारा, कारस्थाने करणारा, आधीचा निजामशहा मारणारा फत्तेखान नेमणूक घेऊन मोकळा राहिला आणि ज्याने काहीच केले नव्हते तो मुलगा ग्वाल्हेरला गेला. फत्तेखानाच्या नावावर कुणी राज्य मागणार नव्हते. मुलाच्या नावावर मागणार होते.

लगेच तसेच झाले. शहाजीराजांनी घराण्यातलाच मूर्तजा नावाचा मुलगा शोधला, संगमनेरजवळच्या पेमगिरीवर त्याला गादीवर बसवले आणि सुमारे तीन वर्षे त्याच्या नावाने राज्य चालवले. १६३६ मध्ये मोगलांचा खानजमान आणि विजापूरचा रणदुल्लाखान यांनी शहाजीराजांना माहुलीत कोंडले. तह झाला त्याची मुख्य अट मूर्तजाला मोगलांच्या स्वाधीन करणे ही होती. शहाजीराजे विजापूरच्या चाकरीत गेले आणि मूर्तजाला उत्तरेत नेले.

शहाजहानच्या दरबारी इतिहासात या प्रसंगी नमूद केले आहे की ग्वाल्हेरच्या किल्ल्यात आधीच दोन निजाम होते, एक अहमदनगरचा आणि एक दौलताबादचा, आणि आता तिसरा त्यांच्यात गेला. त्या नोंदीत विजयाचा सूर आहे. आपण ती वाचताना लक्षात ठेवावे की तिघेही पकडले गेले तेव्हा नकळत्या वयाचे होते आणि एकानेही स्वतःच्या मर्जीने लढाई केलेली नव्हती.

याच यादीत खानदेशही येतो. अशीरगड १६०१ च्या जानेवारीत पडला तेव्हा शेवटचा फारुकी सुलतान बहादूर यालाही कुटुंबासह ग्वाल्हेरला पाठवले आणि खर्चासाठी सालिना नेमणूक बांधून दिली. नेमणूक देणे हा दयाळूपणा नव्हता. राजाला राजासारखे जेवू घातले म्हणजे त्याला छळून मारल्याचा बोभाटा होत नाही.

प्रश्न : मग संभाजी महाराजांच्या कुटुंबाला औरंगजेबाने ग्वाल्हेरला का पाठवले नाही?

येसूबाई आणि बाल शाहू नोव्हेंबर १६८९ मध्ये रायगड पडल्यावर मोगलांच्या हाती आले. शाहूराजे तेव्हा सात वर्षांचे होते. त्यांना छावणीत, बादशहाच्या डेऱ्याभोवतीच्या गुलालबारात ठेवले, सात हजारी मनसब दिली आणि छावणी जाईल तिथे नेले.

ज्या कैद्याचा उपयोग संपला आहे पण ज्याला मारणे परवडत नाही, तो डोंगरावर जातो. ज्याचा अजून उपयोग आहे, तो हाताशी ठेवतात. निजामशाहीचा मुलूख १६३६ नंतर वाटून संपला होता आणि मूर्तजाला पुढे करून मोगलांना काही मिळणार नव्हते. मराठ्यांचे राज्य १६८९ नंतरही राजारामांच्या आणि मग ताराबाईंच्या हाती लढत होते. शाहूराजे हे त्यात फूट पाडण्याचे साधन होते. १७०७ मध्ये आझमशहाने त्यांना सोडले ते याच हिशेबाने.

दुसरेही एक कारण आहे. १६८१ नंतर औरंगजेब स्वतः दक्षिणेत होता. गोवळकोंडा १६८७ मध्ये पडला तेव्हा अबुल हसन तानाशहाला ग्वाल्हेरऐवजी दौलताबादच्या चिनी महालात ठेवले. तो तिथेच वारला. दक्षिणेतला ग्वाल्हेर म्हणजे दौलताबाद, असे म्हणायला हरकत नाही.

प्रश्न : कैद्यांना ‘पोस्त’ पाजून मारत असे वाचले. ते नक्की काय होते आणि किती खरे आहे?

पोस्त म्हणजे अफूच्या बोंडांचा काढा. फ्रेंच वैद्य बर्निये औरंगजेबाच्या पहिल्या वर्षांत दिल्लीत होता, त्याने पद्धत दिली आहे. बोंडे कुटून रात्रभर पाण्यात भिजत ठेवायची. ते पाणी मोठा पेला भरून सकाळी सगळ्यात आधी कैद्याला द्यायचे आणि तो पिईपर्यंत खायला काही द्यायचे नाही. या पेयाने माणूस सुकत जातो, शक्ती आणि बुद्धी हळूहळू जाते, तो सुन्न होतो आणि अखेर मरतो, असे बर्निये लिहितो.

औषधशास्त्राच्या दृष्टीने हे पटण्याजोगे आहे. बोंडांत मॉर्फिन आणि कोडीन असते. रोज घेतल्यास भूक मरते, आतडी मंदावतात, गुंगी राहते, श्वास उथळ होतो. बोंडागणिक अर्काचे प्रमाण बदलते, त्यामुळे पेला तोच असला तरी मात्रा रोज वेगळी पडते आणि एखाद्या दिवशी ती श्वास थांबवण्याइतकी होऊ शकते. काही आठवड्यांत शरीराला सवय लागते. मग पेला नाकारला तर अंगदुखी, जुलाब, घाम, तळमळ सुरू होते. ‘आधी पी, मग जेव’ ही सक्ती सुरुवातीलाच लागते, पुढे कैदीच पेल्याची वाट पाहू लागतो. राज्यकर्त्याच्या दृष्टीने सोय अशी की अंगावर जखम नाही, विषाचा पुरावा नाही, मरणाचा ठराविक दिवस नाही.

राजबंद्यांना या पेयाची किती धास्ती होती ते सुलेमान शुकोहच्या प्रसंगातून कळते. औरंगजेबाचा थोरला भाऊ दारा शुकोह याचा हा थोरला मुलगा गढवालच्या राजाकडे आश्रयाला होता. तिथून त्याला मोगलांच्या हवाली केले आणि जानेवारी १६६१ मध्ये दिल्लीच्या दरबारात उभे केले. बर्निये तिथे हजर होता. पोस्त द्यायचे असेल तर मला आत्ताच मारा, अशी विनंती सुलेमानने केली. औरंगजेबाने सर्वांसमक्ष वचन दिले की पोस्त देणार नाही. सुलेमान ग्वाल्हेरला गेला आणि मे १६६२ मध्ये, म्हणजे दीड वर्षाच्या आत, तिथे मेला. वय तिशीच्या आतच.

आता ‘किती खरे’ याचे उत्तर. बर्निये म्हणतो की सुलेमान आणि सिपहर शुकोह यांना पोस्त देऊनच संपवले अशी बोलवा आहे. यातला सिपहर, दाराचा धाकटा मुलगा, मुळीच मेला नव्हता. तो ग्वाल्हेरहून १६७२ च्या अखेरीस बाहेर आला आणि १६७३ मध्ये औरंगजेबाच्या मुलीशी, जुब्दतुन्निसाशी, त्याचे लग्न झाले. म्हणून बर्नियेने सांगितलेली काढ्याची पद्धत विश्वासार्ह मानावी. कोण कशाने मेला याची त्याची यादी मात्र दिल्लीच्या बाजारातली बातमी समजून वाचावी. सुलेमानच्या बाबतीत संशय दाट आहे, पुरावा नाही.

प्रश्न : मान मंदिराच्या तळघरात मुरादला फाशी दिल्याची जागा दाखवतात. ती खरी का?

मुरादला फाशी दिलेली नाही. त्याचा शिरच्छेद झाला. हकिगत मुळातून सांगणे बरे, कारण तिच्यात या तुरुंगाचे बळ आणि दुबळेपण दोन्ही दिसते.

मुरादबक्ष हा शहाजहानचा धाकटा मुलगा. औरंगजेब आणि तो मिळून दाराशी लढले. सामूगढची लढाई जिंकल्यावर औरंगजेबाने २५ जून १६५८ रोजी मथुरेजवळ त्याला मेजवानीला बोलावले आणि तो निद्राधीन असताना कैद केले. मोगल इतिहासकार खाफीखान सांगतो की रात्री चार हत्तींवर चार झाकलेल्या अंबाऱ्या चार दिशांना पाठवल्या. मुराद कुठल्या अंबारीत आहे हे त्याच्या फौजेला कळू नये म्हणून. तो आधी सलीमगडात गेला आणि जानेवारी १६५९ मध्ये ग्वाल्हेरला. त्याच्या विनंतीवरून सरसनबाई नावाची त्याची आवडती स्त्री बरोबर राहू दिली.

मुराद शिपायांत लोकप्रिय होता. आपल्या भत्त्यातला निम्मा पैसा तो किल्ल्याच्या पायथ्याशी जमणाऱ्या गरीब मोगल शिपायांना जेवू घालण्यात खर्च करी. त्यांच्यातल्या काहींनी एका रात्री तटाला दोराची शिडी लावली. खाली सगळी तयारी होती. मुराद निघण्याआधी सरसनबाईचा निरोप घ्यायला गेला. ‘मला कुणाच्या हवाली करून चाललात?’ म्हणून तिने आक्रोश केला, पहारेकरी मशाली घेऊन धावले आणि शिडी सापडली. प्रसंगाचे नाट्य खाफीखानाच्या लेखणीचे असेल. पण धोका खरा होता. कड्याने कैदी अडवला नव्हता, बाहेरच्या माणसांना तो चढता येत होता.

आता औरंगजेबाला मुराद जिवंत नको होता, आणि भावाच्या रक्ताचा डागही नको होता. वाट शरियतीत सापडली. १६५७ मध्ये मुरादने गुजरातेत आपला दिवाण अली नकी याला केवळ संशयावरून स्वतःच्या हाताने मारले होते. खुनाच्या बदल्यात खून मागण्याचा हक्क मृताच्या वारसांचा असतो. वारस माफ करू शकतो, रक्ताची किंमत घेऊ शकतो किंवा प्राण मागू शकतो. थोरल्या मुलाने फिर्याद करायला नकार दिला. दुसऱ्याने केली. तो हुकूम घेऊन ग्वाल्हेरला गेला, काझीपुढे निवाडा झाला आणि ४ डिसेंबर १६६१ रोजी मुरादला तलवारीने मारले. त्याला ग्वाल्हेरलाच पुरले.

तळघरातल्या लोखंडी कड्यांचे म्हणाल तर मान मंदिर हा राजा मानसिंह तोमराचा (१४८६ ते १५१६) राहता वाडा. कड्याच्या बाजूने त्याला जमिनीखाली दोन मजले आहेत आणि तिथली खांबांची गोल दालने उन्हाळ्यात थंड राहतात. छताची कडी झोपाळ्यासाठी असण्याचा संभव कितीतरी अधिक. कडी पाहून फाशी ठरवता येत नाही. या दालनांत मोगलांनी कैदी ठेवले असतील, पण मोगलांचा तुरुंग म्हणून नोंद सापडते ती किल्ल्याच्या वायव्य टोकाला धोंडा दरवाजाजवळच्या नौचौकीची, म्हणजे नऊ कोठड्यांची. तिकडे प्रवासी फारसे नेले जात नाहीत.

प्रश्न : गुरू हरगोविंद यांनी ५२ राजे सोडवले, ही कथा कितपत ऐतिहासिक?

शिखांचे सहावे गुरू हरगोविंद जहांगीरच्या काळी ग्वाल्हेरला कैदेत होते, ही गोष्ट पक्की आहे. सतराव्या शतकातल्या ‘दबिस्तान-ए-मजाहिब’ या फारसी ग्रंथात ती आहे. त्यांचे वडील गुरू अर्जन यांच्यावर बसवलेला दंड भरला नाही, हे एक कारण तिथे दिले आहे. घोळ मुदतीचा आहे. दबिस्तान बारा वर्षे म्हणतो, शीख परंपरेत मुदत पुष्कळ कमी आहे. जहांगीरच्या आत्मचरित्रात गुरू अर्जन यांचा उल्लेख येतो, या कैदेची नोंद नाही.

५२ राजांची कथा परंपरेची आहे: जो गुरूंचा अंगरखा धरून बाहेर पडेल तो सुटला, असे ठरले. तेव्हा गुरूंनी ५२ गोंडे लावलेला अंगरखा शिवून घेतला. ५२ नावांची यादी समकालीन कागदांत नाही. पण कथेची पार्श्वभूमी खोटी नाही, त्या काळी ग्वाल्हेरवर लहान-मोठे राजे खरोखरच अडकून पडलेले असत. शीख समाज ‘बंदी छोड दिवस’ दिवाळीच्या दिवशी पाळतो आणि किल्ल्यावर ‘दाता बंदी छोड’ गुरुद्वारा आहे.

तुलनेसाठी सूफी धर्मगुरू शेख अहमद सरहिंदी यांचे उदाहरण घ्या. त्यांची कैद जहांगीरने स्वतः लिहिली आहे. १६१९ मध्ये त्यांना अनीराय सिंहदलन या सरदाराच्या ताब्यात देऊन ग्वाल्हेरला धाडले आणि पुढच्या वर्षी पोशाख आणि हजार रुपये देऊन सोडले.

प्रश्न : शहजाद्यांपैकी जिवंत कुणी बाहेर आले का?

आले, पण बादशहाला त्यांची भीती उरली नाही तेव्हा. सिपहर शुकोहचे वर सांगितलेच. मुरादचा मुलगा इजदबक्ष याचेही १६७२ मध्ये औरंगजेबाच्या मेहेरुन्निसा या मुलीशी लग्न लावले. म्हणजे ज्यांचे बाप मारले त्यांनाच जावई केले. औरंगजेबाचा स्वतःचा थोरला मुलगा मुहम्मद सुलतान, चुलता शुजाला जाऊन मिळाल्याबद्दल १६६१ पासून १६७२ पर्यंत ग्वाल्हेरला होता. पुढे सलीमगडात हलवला आणि १६७६ मध्ये वारला.

प्रश्न : सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा असा वापर झाला का?

झाला, मात्र एकच ठरलेला राजबंदिवास असा नव्हता. रायगडासमोरचा लिंगाणा कैद्यांसाठी प्रसिद्ध आहे. पेशवाईत सखारामबापू बोकीलांना १७७९ मध्ये धरल्यावर सिंहगड, प्रतापगड आणि शेवटी रायगडावर हलवले, तिथे ते १७८१ मध्ये वारले. कैदी असा हलवत राहणे ही मराठ्यांची पद्धत दिसते. किल्ले भरपूर होते आणि एका किल्लेदाराची कैद्याशी सलगी होऊ द्यायची नव्हती. १८१८ मध्ये वासोट्यावर सातारच्या छत्रपतींच्या घरची माणसे आणि हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारी कैदेत होते. इंग्रजांनी तोफा लावल्यावर एप्रिलमध्ये वासोटा शरण आला.

प्रश्न : ग्वाल्हेरचा हा दरारा कधी संपला?

मोगल सत्ता ढासळली तसा किल्ला गोहदच्या जाटांकडे आणि मराठ्यांकडे आलटून-पालटून जाऊ लागला. ज्या किल्ल्याचा मालक दर काही वर्षांनी बदलतो तिथे जन्मठेपेचा कैदी ठेवता येत नाही.

पण डोंगराची अजिंक्यता एका रात्रीत गेली ती ३ ऑगस्ट १७८० च्या. किल्ल्यावर तेव्हा शिंद्यांची शिबंदी होती. कंपनीच्या कॅप्टन पॉफमने गोहदच्या राण्याच्या मुलखातल्या माहीतगारांकडून चढाची जागा काढली. हे लोक रात्री किल्ल्यावर चढून पहारे कसे फिरतात ते पाहून आले होते. तिथे आधी सुमारे १६ फुटांचा तासलेला कडा, वर चाळीस यार्डांची तीव्र चढण आणि मग ३० फुटांचा तट होता. पहिल्या टप्प्याला लाकडी शिड्या लावल्या. तटावर वाटाडे चढले आणि त्यांनी वरून दोराच्या शिड्या बांधून खाली सोडल्या. शिपायांच्या पायात कापूस भरलेले लोकरीचे जोडे होते, आवाज होऊ नये म्हणून. कॅप्टन ब्रूसबरोबर आधी वीसेक शिपाई वर गेले. गस्त नुकतीच पुढे निघून गेली होती आणि पहारा निजलेला होता. उजाडता किल्ला पडला होता.

मुरादच्या माणसांची शिडी आणि पॉफमची शिडी यांत १२० वर्षांचे अंतर आहे, पण पहिलीच्या वेळी पहारा जागा झाला आणि दुसरीच्या वेळी झाला नाही. फरक तेवढाच.

महादजी शिंद्यांनी काही वर्षांत किल्ला परत घेतला. १८०४ मध्ये तो पुन्हा इंग्रजांकडे गेला, १८०५ मध्ये परत आला. जून १८५८ च्या लढायांनंतर इंग्रजांनी तिथे आपली पलटण ठेवली आणि १८८६ मध्ये झाशीच्या बदल्यात किल्ला शिंद्यांना दिला.

प्रश्न : एका दिवसात यातले काय काय पाहता येईल?

वर जायला दोन वाटा आहेत. पश्चिमेची उरवाई वाट गाडीची, पूर्वेची चालण्याची. या विषयासाठी जाणार असाल तर पूर्वेकडूनच चढा, कारण कैदी ज्या दरवाजांतून वर गेले ते इकडे आहेत. सर्वांत खालचा आलमगिरी दरवाजा १६६० चा, म्हणजे मुराद वर कैदेत असतानाच किल्लेदार मुतमदखानाने बांधलेला. तिथून चढताना गणेश, लक्ष्मण हे दरवाजे लागतात आणि मान मंदिराच्या भिंतीला चिकटून हत्ती दरवाजा येतो. प्रत्येक दरवाजात थांबून मागे वळून पाहा, खालच्या वाटेचा किती भाग वरच्या चौकीच्या माऱ्यात आहे ते कळते.

मान मंदिर सकाळी लवकर करा. तळघराचे जिने अरुंद आहेत, डोके सांभाळावे लागते, आत अंधार असतो आणि वटवाघळांचा वास येतो. मोबाईलचा उजेड पुरत नाही, वेगळी विजेरी न्या. गुडघे दुखत असतील तर दुसऱ्या तळमजल्यापर्यंत उतरू नका. मग उत्तरेकडे जहांगिरी आणि शाहजहानी महाल व जौहरकुंड पाहा. वायव्येकडे नौचौकीपर्यंत जाता येते का ते पुरातत्त्व खात्याच्या पहारेकऱ्यांना आधी विचारा. दुपारी तेली का मंदिर आणि गुरुद्वारा. उतरताना गाडी उरवाई वाटेने घ्यावी, म्हणजे कड्यात कोरलेल्या जैन मूर्तीही दिसतात आणि पश्चिमेचा कडा कुठे नैसर्गिक आहे, कुठे तासलेला आहे, हे जवळून पाहायला मिळते.